एक वाक्य परत घ्यायला: धुळे, जळगाव, जामनेर, दीपनगर

निवृत्त बाई सहलीला निघाली की लोक धरून चालतात, काशी नाहीतर कोकण. मी चार दिवस खानदेशात जाऊन येते म्हटल्यावर मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तिथे बघायला काय आहे?" मी म्हटलं, भरीत. डिसेंबर म्हणजे भरिताचा हंगाम, त्यामुळे तिला ते पटलं. पण मी भरितासाठी निघाले नव्हते. अकरा वर्षांपूर्वी मी एका अहवालात एक वाक्य लिहिलं होतं आणि त्यामुळे देविदासभाऊ नावाच्या एका फिटरची नोकरी गेली होती. वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं, अशी मी स्वतःची समजूत घालत आले होते. उरलेलं अर्धं त्यांच्यासमोर बसून सांगायचं होतं. या ब्लॉगवर नेहमी असते तशी बसची, राहण्याखाण्याची माहिती मध्ये मध्ये येईल, पण या वेळी ती मध्ये मध्येच येईल.

आधी नोकरीबद्दल. मी सव्वीस वर्षं एका परदेशी कंपनीत फील्ड सर्व्हिस इंजिनियर होते. नाव लिहीत नाही. आमची कंपनी काय बनवते हे मला लग्न ठरताना सासऱ्यांना धड सांगता आलं नव्हतं, कारण काय बनवत नाही ते सांगणं सोपं होतं. विमानाच्या इंजिनातले व्हॉल्व्ह, एसीचे थर्मोस्टॅट, वीज केंद्रातल्या बॉयलरचं तापमान मोजणारी उपकरणं, दुकानातल्या बारकोडच्या बंदुका, दवाखान्यात उशाशी ठेवतात ते मॉनिटर, पंपाच्या मोटारी, कामगारांचे हातमोजे, आग ओळखणारी यंत्रं. सासरे बराच वेळ ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे सगळंच की. मग पगार बरा असेल." पगार बरा होता. सवय मात्र वाईट लागली. कुठेही गेले की नजर आधी भिंतीवर आणि छताला जाते, आपलं काय बसवलंय ते शोधायला.

नाशिकहून सकाळी सातची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. चांदवडपर्यंत खिडकी उघडवत नव्हती इतकी थंडी होती. मालेगावला चहा झाला. तिथे शेजारी धुळ्याची एक बाई येऊन बसली, मांडीवर बोरांची पिशवी.

"एकलीच शेतस का बहीन?" तिनं विचारलं.

"हो."

"कोनाकडे?"

"ओळखीचे आहेत."

"त्यास्ले मालूम शे का तुम्ही येतस ते?"

नाही म्हटलं. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, ओंजळभर बोरं माझ्या रुमालावर ओतली आणि म्हणाली, "मंग आधी जेवी ल्या." लळिंगचा किल्ला दिसेपर्यंत आम्ही दोघी बोरं खात होतो. धुळ्याला पोचायला चार तास आणि वर थोडा वेळ लागला.

धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे नवख्या माणसाला पत्ता शोधणं सोपं जातं. स्टँडपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर एक लॉज मिळाला, नऊशे रुपये, गरम पाणी सकाळी सहा ते नऊ. खोलीत शिरले आणि सवयीनं वर बघितलं. छताला धूर ओळखणारं आमचंच यंत्र होतं, आणि रंगकामाच्या वेळी धूळ जाऊ नये म्हणून त्याच्यावर घालतात ती प्लास्टिकची टोपी अजून तशीच होती. टोपी असेपर्यंत त्याला काही कळणार नाही. मी खुर्चीवर चढून ती काढली आणि खाली काउंटरवर नेऊन दिली.

"राहू द्यायची ना मॅडम," मॅनेजर म्हणाला. "नवंकोरं राहतं."

मला हसू यायला हवं होतं. मी त्याला पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं, बाकीच्या सगळ्या खोल्यांमधल्या टोप्या काढायला लावल्या, आणि मग वर येऊन खाटेवर बसून राहिले. दुसऱ्याला शिकवायला मी पहिल्यापासून पटाईत.

संध्याकाळी शेवभाजी खाल्ली. खानदेशी शेवभाजी पहिल्यांदा खाणाऱ्यांनी तर्री वेगळी मागून घ्यावी, नाहीतर डोळ्यांतून पाणी येतं. मी मिसळून घेतली. जेवता जेवता ठरवलं की ब्लॉगवर सगळं पहिल्यापासून लिहायचं. म्हणून इथेच सांगते.

पारोळ्याच्या बाजूला एका जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात त्या कारखान्यात, आम्ही आग ओळखणारी तीन यंत्रं बसवली. कामगार त्यांना डोळे म्हणायचे. दोन डोळे पत्र्याखाली उंचावर, कापसाच्या ढिगावर नजर ठेवणारे. तिसरा छातीच्या उंचीला, पट्ट्यावरून कापूस आत जातो तिथे. कापसात खडा किंवा खिळा आला की ठिणगी तिथेच पडते. डोळ्याला ज्वाळा दिसली की पट्टा थांबतो, पाण्याचे फवारे उडतात, भोंगा वाजतो. अट एकच, काच स्वच्छ हवी. मॉडेल स्वस्तातलं होतं, काच मळली तर ते आपणहून सांगत नसे. म्हणून रोज सकाळी तिन्ही काचा पुसायच्या, हे मी जिनच्या फिटरला, देविदासभाऊंना, पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांनी ते खडूनं भिंतीवर लिहूनही ठेवलं.

माझं काम संपलं तो दिवस दसऱ्याचा होता. दसऱ्याला खानदेशातल्या जिनमध्ये यंत्रांची पूजा होते आणि मग हंगाम सुरू होतो. झेंडूच्या माळा, नारळ, प्रत्येक यंत्रावर कुंकवाचं स्वस्तिक. कुंकू तेलात कालवलेलं, म्हणजे ओघळत नाही आणि लवकर जातही नाही. मालकांच्या आईनं तबक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "या साली पहिलं कुंकू या इंजिनियर बाईंच्या हातानं. लक्ष्मी चालत आली आहे घरी."

कारखान्यात बाई म्हणून काम केलेल्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. इतकी वर्षं मी कुठल्याही फाटकातून आत शिरले की वॉचमन माझ्या मागे बघायचा, साहेब कुठे आहेत म्हणून. आणि इथे सगळे कामगार हात जोडून माझ्याकडे बघत उभे होते. मी हरखून गेले. जिनमध्ये नवं यंत्र कोणतं, तर डोळा. खालचा डोळा हाताशी होता. त्याची गोल काळी काच कपाळासारखी दिसत होती. मी अंगठा कुंकवात बुडवला आणि काचेवर भलामोठा टिळा लावला.

लावला आणि त्याच क्षणी कळलं. काच पुसायचं फडकं पिशवीत होतं, मी ते बाहेरही काढलं. पण समोर मालकांची आई, पोरंबाळं घेऊन आलेल्या बायका, सगळे. सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर कुंकू लावायचं आणि लगेच पुसायचं? माझा हात होईना. उद्या देविदासभाऊ काचा पुसतीलच, असं मनाशी म्हटलं आणि फडकं परत पिशवीत ठेवलं. चाचणी सकाळीच होऊन गेली होती. जेवणानंतर जिलबी खाता खाता मी कंपनीचा फॉर्म भरला. त्यात 'सर्व काचा स्वच्छ' अशी एक ओळ होती. तिच्यासमोर खूण केली, खाली सही केली, आणि नाशिकची गाडी गाठली.

दिवाळीच्या तोंडावर तिथे आग लागली. खालच्या डोळ्याला ती दिसली नाही. वरच्या दोघांना दिसली, पण तोवर ती पट्ट्यावरून ढिगात शिरली होती. ढिगावर सुपडू उभा होता, देविदासभाऊंच्या बायकोचा धाकटा भाऊ, त्यांच्याच ओळखीनं कामाला लागलेला. तो वाचला, पण उजवा हात आणि मानेची एक बाजू भाजली. जळगावच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी जो मॉनिटर होता तो आमच्याच कंपनीचा, हे मला पुढे सर्व्हिसच्या यादीत दिसलं. ज्याला आग दिसली नाही तो डोळा आमचा, आणि सुपडूची नाडी मोजत होतं ते यंत्रही आमचंच.

चौकशीला कंपनीनं मलाच पाठवलं. काजळी खरवडली तर काचेवर खाली लाल थर होता. तो काय आहे हे मला लगेच कळलं. मी लिहिलं, 'काचेवर बाह्य थर आढळला. दैनंदिन स्वच्छतेत फिटर देविदास यांची कसूर.' माझ्या साहेबांनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाले, छान, म्हणजे आपल्यावर काही येत नाही. त्याच आठवड्यात देविदासभाऊंना काढून टाकलं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात कुणीतरी म्हणालं की बाईंच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीला एक डाग नाही. मी शाल आणि नारळ घेऊन घरी आले आणि मला जेवण गेलं नाही. मग जिनमधल्या एका जुन्या मुकादमाला गाठून पत्ता मिळवायला आणखी वर्ष घालवलं. एवढा वेळ पत्ता मिळवायला लागत नाही, हे मलाही माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी धुळ्याहून जळगावची बस. अडीच तास धरून चाला. रस्ता आता चांगला रुंद झालाय. पारोळ्याच्या अलीकडे उतरून तो जिन बघायचा असं मनात होतं. बसमधून भिंत दिसली, नवे पत्रे दिसले, आवारात पांढरे ढीग आणि कापसाचे ट्रॅक्टर रांगेत उभे. कंडक्टरनं विचारलं, "इथे कोणी आहे का?" मी जागेवरून उठले नाही आणि बस पुढे गेली. एरंडोलला कुणीतरी खिडकीतून पेरू विकत होतं, ते घेतले.

जळगावला मेहरूण तलावाजवळ मैत्रिणीच्या ओळखीनं एक खोली मिळाली. तलावाच्या काठानं सकाळ-संध्याकाळ माणसं फिरतात, बसायला बाकं आहेत, एकट्या बाईला अवघड वाटत नाही. दुपारी शहराबाहेर केळी पिकवायच्या खोल्या बघायला गेले. कच्ची केळी थंड खोलीत ठेवून हवा आणि तापमान सांभाळत चार-पाच दिवसांत पिवळी करतात. तिथलं तापमान सांभाळणारं यंत्र मी स्वतः बसवलेलं होतं, आणि ते अजून चालू होतं. बटणांवरचे आकडे बोटांनी पुसून गेले होते. तिथला माणूस म्हणाला, "आकडे लागत नाहीत, बोटाला पाठ आहेत." त्यानं मला एक पिकलेलं केळ दिलं आणि पैसे घेतले नाहीत. आपण लावलेलं एखादं यंत्र नीट चालतंय याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली.

जेवायला भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. वांगी कापसाच्या काड्यांवर भाजून, लाकडी बडजीत ठेचून, वर कच्च्या तेलाची धार. जळगावला गेलात तर हे हॉटेलात मागवण्यापेक्षा घरगुती खानावळीत खा, दीडशेत पोट भरतं. मी अर्धंच खाल्लं. वाढणाऱ्या बाईंनी काळजीनं विचारलं, तिखट झालं का?

तिसऱ्या दिवशी जामनेर. जळगावहून तास-सव्वा तास, बस भरपूर. बाजार समितीच्या पुढे, मुकादमानं सांगितलं तसं, मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. दारात जळक्या मोटारींचा ढीग, आत व्हार्निशचा वास. त्या ढिगात एक आमच्या कंपनीची होती, ती मी लांबून ओळखली. देविदासभाऊ पाटावर बसून तांब्याची तार गुंडाळत होते. केस पूर्ण पांढरे झालेत. त्यांनी मान वर केली आणि तार हातातच धरून बघत राहिले.

"ओळखलंत?" मी विचारलं.

"ओळखलं ना. बसा, ताई."

त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो हातात घेतला आणि खाली ठेवला. बसमध्ये पाठ केलेलं सगळं विसरून गेले होते.

"दसऱ्याला खालच्या काचेवर कुंकू मी लावलं होतं," मी म्हटलं. "तेव्हाच पुसायला हवं होतं. पुसलं नाही. आणि अहवालात ते लिहिलंही नाही."

"हो," ते म्हणाले.

"तुमची चूक नव्हती."

"मला माहीत आहे की, ताई. मी तिथेच होतो."

नंतर ते जे बोलले ते मी आठवेल तसं लिहितेय. माझ्याशी ते जपून, शहरी मराठीत बोलत होते. म्हणाले, दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून वरच्या दोन्ही काचा पुसल्या. मग खालच्या डोळ्यापाशी आलो. फडकं हातात होतं. मालकांच्या आईनं लक्ष्मी म्हटलेल्या बाईनं हंगामाच्या पहिल्या दिवशी लावलेलं कुंकू. ते कसं पुसायचं? म्हणून कडेकडेनं काच पुसली, कुंकवाला हात लावला नाही. रोज तसंच केलं.

"आणि दुसरं असं," ते म्हणाले, "तुम्ही इंजिनियर. कंपनीच्या. काचेचं तुम्हीच शिकवलेलं. तुम्ही स्वतः काचेवर लावलं, म्हणजे तेवढं चालत असणार, असं मला वाटलं."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी दारातल्या मोटारींकडे बघत होते.

"चौकशीत का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्ही समोर बसल्या होता. जिनच्या साहेबांनी विचारलं, रोज पुसत होतास? मी हो म्हटलं. मग हे काय, म्हणाले. मी तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ताई सांगतील." त्यांनी तार परत उचलली. "बाईमाणसाचं नाव आपण कशाला घ्यायचं, त्या स्वतः सांगतील. नंतरही वाट बघितली. मग बघायची सोडली."

ते खरं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलेलं मला चांगलं आठवत होतं. मी तेव्हा फॉर्मवर तारीख घालत होते.

मागच्या खोलीतून त्यांची बायको, इंदूबाई, चहा घेऊन आली होती. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. तिनं चहा माझ्यासमोर ठेवला, पदर खोचला आणि सरळ मला विचारलं, "अकरा वरीस कोठे व्हतात तुम्ही?"

मी माफी मागितली. तिनं ती ऐकून न ऐकल्यासारखी केली.

"माले सांगीसन काय उपेग? मन्हा भाऊले हाई सांगा."

तेव्हा कळलं की नोकरीपेक्षा मोठं काही गेलं होतं. सुपडूला शुद्धीवर आल्यावर कुणीतरी सांगितलं, तुझ्या मेव्हण्यानं काच पुसली नाही. कागदावरही तसंच होतं. त्यानं बहिणीचं तोंड बघणं बंद केलं. आईवडील आधीच गेलेले, भाऊ तेच माहेर. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, तो सण लेकींचाच. इंदूबाई अकरा आखाज्या घरात बसून होती. "बठ्ठ्या बाया माहेरले जातस," ती म्हणाली. "मी घरमा बसस." मी अहवाल लिहिताना असल्या कशाचा विचार करणं शक्यच नव्हतं, असं आधी मनात आलं. मग वाटलं, खरं लिहायला एवढा विचार कशाला लागतो?

सुपडू आता दीपनगरला असतो. तिथल्या वीज केंद्राच्या वसाहतीबाहेर त्याच्या बायकोची नाश्त्याची गाडी आहे. देविदासभाऊ जायला तयार नव्हते. इंदूबाईनं त्यांच्या हातातली तार काढून घेतली आणि दुकानाचं शटर ओढलं. जामनेर ते भुसावळ बस, तिथून दीपनगरला रिक्षा, माणशी तीस रुपये. वाटेत इंदूबाई एवढंच म्हणाली की भावाचं घर तिनं पाहिलेलं नाही.

दीपनगरच्या चिमण्या फार लांबून दिसतात. त्या बॉयलरांवर तापमान मोजणारी आमची उपकरणं आहेत, मी तिथे दोन पावसाळे काम केलंय. रिक्षावाला कौतुकानं सांगत होता, इथली वीज कुठे कुठे जाते ते. एरवी मी त्याला आणखी चार गोष्टी सांगितल्या असत्या.

गाडीपाशी पोहे आणि चहा चालला होता. सुपडू स्टुलावर बसून डाव्या हातानं सुटे पैसे देत होता. उजव्या हाताची बोटं आत वळलेली, ती मांडीवर. बहिणीला बघून तो उठला आणि परत बसला. त्याच्या बायकोनं स्टोव्ह बारीक केला. कोणी पाणी विचारलं नाही. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला पाणी विचारलं नाही याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

मी उभ्यानंच सांगितलं. मी कोण, कुंकू, फडकं, फॉर्म, अहवाल. पोहे खाणारे दोघं ऐकत होते, त्यांना थांबवावं असं मला वाटलं नाही.

सुपडूनं सगळं ऐकून एकच विचारलं. "काच पुसाले पाहिजे, हाई तुमले तव्हय मालूम व्हतं?"

"हो."

"आनि फडकं?"

"पिशवीत होतं."

तो वळलेल्या बोटांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे पाठ करून देविदासभाऊंना म्हणाला, "तुम्हीन माले कसाले सांगं नही?"

देविदासभाऊंची माझ्याशी बोलताना ठेवलेली शहरी भाषा सुटली होती. "काय सांगू, सुपडू? फडकं मन्हाबी हातमा व्हतं."

गाडीवरचा चहा उतू गेला. मग सुपडू उठला. माठातून डाव्या हातानं ग्लास भरला आणि बहिणीपुढे धरला. "अक्का, पानी पे." इंदूबाईनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि प्यायच्या आधीच रडायला लागली. सुपडूनं दुसरा ग्लास भरून देविदासभाऊंना दिला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. ग्लास मात्र दिला.

मला कोणी पाणी विचारलं नाही. ते बरोबरच होतं.

मी निघाले तेव्हा सुपडू दोन पावलं मागे आला. चेहऱ्यावर राग होता आणि तो लपवायचा त्याचा प्रयत्नही नव्हता. "कागदवर नाव त्यासनं शे," तो म्हणाला. "ते काढा." मी काढते म्हटलं. तिघांनाही तिथे सोडून एकटीच रिक्षात बसले. भुसावळहून नाशिक रोडला गाड्या पुष्कळ आहेत. मला संध्याकाळची मिळाली, खिडकीची जागा मिळाली, आणि जळगाव कधी गेलं कळलं नाही.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी कंपनीला पत्र लिहिलं. अहवालाचं वर्ष, जागा, सगळं कळवलं, चूक माझी होती, नोंद दुरुस्त करा असं लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. फार सभ्य उत्तर होतं. इतके जुने कागद नियमानुसार नष्ट केले जातात, तरी आपल्या दीर्घ सेवेबद्दल आभार. जिनही मध्यंतरी विकला गेलाय, नव्या मालकांना या प्रकरणाची माहिती नाही. म्हणजे ज्या कागदावरून देविदासभाऊंचं नाव काढायचं तो कागदच आता कुठे नाही. तो नसला तरी पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत जिनवाल्यांच्या तोंडी ते आजही कापूस जाळणारे फिटर आहेत. सव्वीस वर्षांत मी हजारो यंत्रं बसवली असतील, त्यातली बहुतेक चालू असतील, काहींनी कोणाचे जीवही वाचवले असतील. पूर्वी मी असा हिशेब मांडून झोपत असे. आता तो मांडता येत नाही.

इंदूबाईचा फोन येऊन गेला. भावानं आखाजीला बोलावलंय. देविदासभाऊ जाणार नाहीत म्हणे, दुकान आहे. ती माझ्याशी मोजकंच बोलली, पण फोन तिनं आपणहून केला होता.

मग देविदासभाऊंना मी फोन लावला. म्हटलं, कागद मिळत नाही, तर हे मी माझ्या ब्लॉगवर लिहू का? तुमचं नाव बदलून लिहीन. त्यांच्या मागे मोटार फिरवून बघायचा आवाज येत होता. म्हणाले, "नाव बदललं तर काय उपयोग, ताई?"

म्हणून नाव बदललेलं नाही. हे वाचून खानदेशात जाल तेव्हा तिथे कोणी देविदासभाऊंचा विषय काढला, तर एवढं सांगा. त्या दसऱ्याला खालच्या डोळ्याच्या काचेवर कुंकू मी लावलं. ते पुसायला हवं हे मला माहीत होतं. काच स्वच्छ आहे असं मी सही करून लिहून दिलं, आणि माणूस भाजल्यावर कसूर देविदासभाऊंची आहे असंही मीच लिहिलं. ते वाक्य अर्धं नव्हतं. ते खोटं होतं.